पहारेकऱ्यांचं करायचं काय? (डीएम मंडळींचा सल्ला हवाय)

शनिवारचा_डीएम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडचणीत सापडलो म्हणून धागा काढतोय.

दर शनिवारी रात्री आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) खेळ असतो, पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि चार खेळाडू. तिघं पुण्यात, चौथा सिअ‍ॅटलला, त्याची तेव्हा सकाळ असते. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पाचव्या लेव्हलला आहे. सध्या मुक्काम मीठबंदर नावाच्या माझ्या काल्पनिक गावात. वस्ती पाच हजार, तटबंदी, तीन दरवाजे.

गेल्या शनिवारी खानावळीत बिलावरून वाद झाला. खानावळवाल्याने पहारेकरी बोलावले, चार जण आले. आमच्या जादूगाराने त्यांना चौकात नेलं आणि फायरबॉल टाकला. पुस्तकातल्या पहारेकऱ्याला ११ हिट पॉइंट, म्हणजे तेवढं नुकसान झालं की खलास. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. फाशाने वाचलास तरी निम्मं, म्हणजे १४. थोडक्यात, वाचलास तरी मेलास. चार पहारेकरी आणि बाजूला बसलेली कांदेवाली जागीच गेली.

मी गडबडलो आणि नगराध्यक्षाच्या वाड्यातून चिलखतवाले बारा सरदार बाहेर काढले. यावर एका खेळाडूने शांतपणे विचारलं, "हे बारा जण गेल्या महिन्यात कुठे होते? तेव्हा गॉब्लिन हाकलायला आम्हाला पन्नास मोहरा दिल्या होत्या ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळ तिथेच थांबवला.

तर प्रश्न असा: पाच हजारांच्या गावात पहारेकरी किती असावेत, आणि त्यांना सुपरहिरो न करता कायद्याचा धाक कसा ठेवायचा?

---

कोंबडीचोर

धागा वाचून हसलो आणि मग वाईटही वाटलं, कारण कांदेवाली.

कॉम्प्युटर गेमवाल्यांनाही हे धड जमलेलं नाही. स्कायरिम (२०११) घ्या. खून केला की हजाराचं इनाम लागतं, पण ते त्या परगण्यापुरतं. नऊ परगणे, नऊ वेगळे हिशोब. एकीकडे खून करा आणि वेस ओलांडून पलीकडे जावईबापूसारखे मिरवा. त्याहून भारी म्हणजे शेवटचा साक्षीदारही मारला की इनाम रद्द! एका खुनाला शिक्षा आहे, पण पाहणारे सगळे संपवले तर पाटी कोरी. आणि कोंबडी मारली तर अख्खं गाव कोयते घेऊन अंगावर येतं.

आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) उलटी तऱ्हा. गुन्हा इथे झाला की साम्राज्यभर सगळ्या शिपायांना तत्क्षणी कळायचं. यांना टेलिपथी असेल तर चोऱ्या होतातच कशा?

विचर ३ मधले शिपाई तुमच्यापेक्षा वरच्या लेव्हलचे. हाणून बेशुद्ध करतात आणि खिशातले पैसे काढून घेतात. तिथेही तुमच्या खेळाडूचाच प्रश्न पडतो: इतके दांडगे आहात तर विहिरीतली भुतं मारायला मला का बोलावता?

---

मोडी_वाचक

डीएमसाहेब, तुमची चूक सरदार काढण्यात नाही, त्याच्या आधीच झाली आहे. पहारेकरी म्हणजे चिलखत घातलेले पोलीस असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक सगळे गेमवाले धरतात. पगारी, गणवेशातलं, चोवीस तास गस्त घालणारं पोलीसदल ही बरीच अलीकडची गोष्ट. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस १८२९चं.

मग त्याआधी काय होतं? इंग्लंडपुरतं सांगतो. १२८५ साली पहिल्या एडवर्डने विंचेस्टरचा कायदा केला. सूर्यास्त ते सूर्योदय वेशी बंद. मोठ्या शहरात प्रत्येक वेशीवर सहा माणसं, लहान शहरात रात्रीला बारा, खेड्यात चार किंवा सहा. परका माणूस रात्री दिसला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. बाजारपेठांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची झाडी दोनशे-दोनशे फूट तोडायची, म्हणजे दरोडेखोराला दबा धरता येणार नाही.

आता गंमत बघा. हे पहारे घालणार कोण? गावातलेच लोक. आज पहाऱ्याला चांभार, उद्या पावभट्टीवाला. पगार नाही, पाळी आली की जायचं.

मग बारा माणसांनी गाव कसं सांभाळलं जायचं? खरी ताकद हाकाटीत होती. गुन्हा दिसला की बोंब ठोकायची, आणि बोंब ऐकणाऱ्या प्रत्येकाने कामधंदा टाकून पाठलागाला लागायचं. ऐच्छिक नाही, कायद्याने बंधनकारक. न धावणाऱ्याला दंड. शिवाय ऐपतीप्रमाणे घरात शस्त्र ठेवणं सक्तीचं, म्हणजे गरिबाच्या घरीही निदान सुरी किंवा तिरकमठा असायचाच. आणि चोर सापडला नाही तर भरपाई त्या भागातल्या लोकांकडून वसूल. त्यामुळे 'मला काय त्याचं' म्हणायची सोयच नव्हती.

तर तुमच्या हिशोबाने मीठबंदरात पहारेकरी किती? रात्रीला बारा. आणि पहारेकरी किती? पाच हजार, म्हातारीकोतारी वजा जाता.

---

ड्रॅगन_चालतो_का

पुन्हा तेच. जिथे ड्रॅगन उडतात, मेलेले उठतात, तिथे १२८५चा कायदा कशाला हवा? फँटसी आहे हो. सरदार आले म्हणजे आले. खेळाडूंना नाही पटलं तर दार उघडं आहे.

---

मोडी_वाचक

ड्रॅगन चालतो. पण ड्रॅगन गेल्या महिन्यात गावात होता आणि कुणाला दिसला नाही, हे चालत नाही. डीएमच्या खेळाडूने नेमकं तेच विचारलं. (हलकं घ्या.)

---

अग्निहोत्री_सिअ‍ॅटलकर

अरे, हा धागा मला एका मित्राने पाठवला. म्हणाला, "हा तूच ना?"

होय, जादूगार मीच. दोन खुलासे. एक, बिलात सात मोहरा जास्त लावल्या होत्या आणि ती कोंबडी शिळी होती. दोन, कांदेवाली नकाशावर नव्हती! मी फायरबॉल टाकल्यावर तू म्हणालास की तिथे कांदेवाली आहे. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

---

शनिवारचा_डीएम

बाजाराचा दिवस आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. बाजारात माणसं असतात. आणि तू हा धागा वाचायचा नाहीस, बंद कर बघू.

---

अग्निहोत्री_सिअ‍ॅटलकर

वाचणार. वीस पहारेकरी आण नाहीतर दोनशे, मी तयार आहे.

---

वीसपैकी_एक

वीस आणलेच तर? गणित करून बघितलं.

पहारेकऱ्याच्या भाल्याला +३, फटका सरासरी साडेचार. जादूगाराने मेज आर्मर (संरक्षणाचा मंत्र) लावलंय आणि डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) +२ आहेत असं धरू, म्हणजे एसी १५, फटका लागायला निदान १५ हवेत. वीस जणांनी भाले फेकले तर वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर पडणारे नऊ. नऊ साडेचारे साडेचाळीस. पाचव्या लेव्हलचा जादूगार तीस-बत्तीस हिट पॉइंटांचा. एका फेरीत आडवा. त्याने शील्डचा मंत्र टाकला तर एसी २०, मग लागणारे चार, नुकसान १८. म्हणजे दोन फेऱ्या.

पण हे वीस जण एकमेकांना चिकटून उभे राहिले तर फायरबॉलमध्ये सगळेच जातील. म्हणून पसरून, छपरांवरून, गल्ल्यांतून यायला हवं.

आणि यातली खरी मेख: पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे स्लॉट (फायरबॉलसारखा मंत्र टाकायच्या संधी) किती? दोन. एक चौकात खर्च झाला. उरला एक. तो संपला की हा इसम विश्रांती मिळेपर्यंत काडेपेटीच.

---

मोडी_वाचक

वीसपैकी_एक, दंडवत घ्या! हाकाटीचं सगळं मर्म तुम्ही एका ओळीत पकडलंत.

गावाने त्याला मारायची गरजच नाही. फक्त झोपू द्यायचं नाही. वेशी बंद, देवळाची घंटा चालू, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दिवटी आणि चार माणसं. हा ज्या गोठ्यात शिरेल तिथलं कुत्रं भुंकेल, कुत्र्यामागे गोठ्याचा मालक, मालकामागे आळी. पाचव्या आवृत्तीत तासभर चालणं, लढणं, मंत्र टाकणं झालं की लाँग रेस्ट (सगळे स्लॉट परत देणारी आठ तासांची विश्रांती) मोडते. अकरा हिट पॉइंटवाल्याला आणखी काय हवं?

---

अग्निहोत्री_सिअ‍ॅटलकर

हे बरोबर नाही.

---

खाणकामगार

मी चेक प्रजासत्ताकात असतो, म्हणून किंगडम कम: डिलिव्हरन्सबद्दल लिहितो. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: १४०३ सालचा बोहेमिया, जादू-बिदू काही नाही, तुम्ही लोहाराचा पोरगा. पहिला भाग २०१८चा, दुसरा २०२५चा. दुसऱ्या भागातलं मोठं शहर म्हणजे कुटेनबर्ग, आजचं कुटना होरा. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव, प्रागचे ग्रोशेन इथल्याच टांकसाळीत पाडले जायचे. मी प्रत्यक्ष जाऊन आलोय. गेममध्ये ज्या गल्लीत मला पकडलं होतं ती शोधत तासभर हिंडलो, बायको वैतागली.

या गेममध्ये दोन गोष्टी मस्त जमल्यात. रात्री गावात हिंडायचं तर हातात मशाल हवी. नसेल तर पहारेकरी हटकतो. आधी मला हा डिझायनरचा खुळचटपणा वाटला होता. मग उमगलं: प्रामाणिक माणूस रात्री आपलं तोंड दाखवत चालतो, इतकं साधं तत्त्व आहे.

दुसरी शिक्षांची. दुसऱ्या भागात चारचौघांत खोड्यात अडकवणं, फटके, डाग देणं आणि शेवटी फाशी अशी चढण आहे. डाग दिलेला असताना पुन्हा पकडले गेलात तर धडगत नाही. खोड्यात उभे असता तेव्हा जाणारे-येणारे बघत असतात, नंतर दुकानदार तुमच्याशी नीट बोलत नाहीत. दंडापेक्षा हे जास्त झोंबतं. पैसा सगळ्याच गेममध्ये पाचव्या तासानंतर पायलीला पन्नास मिळतो, अब्रू मिळत नाही.

---

मोडी_वाचक

मशालीला ऐतिहासिक आधार पक्का आहे. लंडनमध्ये १२८५च्याच नियमांत होतं: सेंट मार्टिन ल ग्रां चर्चची घंटा झाल्यावर तलवार-ढाल घेऊन रस्त्यावर दिसायचं नाही. मोठा माणूस किंवा चांगल्या नावाचा असेल तर सूट, तीही हातात कंदील असेल तर.

डीएमसाहेब, तुमच्या खानावळवाल्यासाठी आणखी एक. लंडनमध्ये पाहुण्याला 'शस्त्रं इथेच ठेवून बाहेर जा' असं बजावायची जबाबदारी खानावळवाल्यावर असे, आणि पाहुण्याच्या वागण्याचा जाब त्याला द्यावा लागे. म्हणजे तुमच्या गोष्टीत फायरबॉलनंतर सगळ्यात जास्त कोण घाबरलेलं असेल? शिळी कोंबडी विकणारा तो. त्याच्या छपराखाली उतरलेल्या माणसाने पाच मुडदे पाडलेत.

---

जुना_ब्रिटानियावासी

आमच्या काळी (१९९७, अल्टिमा ऑनलाइन, डायल-अप, वडिलांच्या शिव्या) हाकाटी खरोखर होती हो. शहरात चोराने तुमच्या पिशवीत हात घातला की तुम्ही 'गार्ड्स' असं टाइप करायचं. टाइप! शिपाई आकाशातून पडल्यासारखा यायचा आणि एका घावात चोर खलास. म्हणून चोर आधी बघून घ्यायचे की कोण घाईत आहे, कुणाचं कनेक्शन रडतंय.

पण शिपायाची हद्द शहराच्या सीमेपर्यंतच. सीमेबाहेर दोन पावलांवर खुनी टोळ्या वाट बघत उभ्या. शहर अतिसुरक्षित, रान मोकाट, मधे रेघ. इतका धाक शिपायांचा असूनही खेळ दहशतीचाच राहिला. शेवटी २००० साली कंपनीने जगाचे दोन भाग केले, एकात मारामारीला जवळजवळ बंदी. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न इतक्या मुळापासून सोडवलेला दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

---

गावकुसाबाहेर

अवांतर वाटेल, पण नाही.

मोडी_वाचक म्हणाले की चोर नाही सापडला तर लोकांकडून भरपाई. हे वाचून मला आपलीच पद्धत आठवली. आपल्याकडे गावाची राखण जागल्याकडे, कित्येक ठिकाणी रामोशांकडे असे. चोरी झाली की माग काढत जायचं. पावलं दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरली की तिथल्या राखणदाराला बोलवायचं, माग दाखवायचा आणि जबाबदारी त्याच्या अंगावर टाकायची. त्याने माग पुढच्या शिवेपार नेला तर तो सुटला. ज्या शिवेत माग हरवेल, भरपाई तिथली. ओढा लागला, गुरांचा कळप गेला, पाऊस पडला की भांडणं सुरू. (आणि ज्या लोकांकडे पिढ्यानपिढ्या राखण होती, त्यांच्याच माथी पुढे इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

डीएमना सुचवेन की जादूगार वेशीबाहेर सटकलाच तर हे वापरा. शेजारचं गाव त्याला पकडून देईल ते न्यायाच्या ओढीने नाही, पाच मुडद्यांची भरपाई अंगावर येऊ नये म्हणून. त्याला आसरा देणाऱ्या शेतकऱ्याला शेजारीच धरून आणतील.

---

निवांत_पेठकर

आणि कोतवाल? पेशवाईतल्या पुण्यात कोतवालाकडे चोर पकडण्यापलीकडे किती कामं होती बघा. बाजारातले भाव, मजुरीचे दर, घरजागेच्या खरेदी-विक्रीवर देखरेख, शहरात आल्या-गेल्याची नोंद. रात्री तोफ झाली की रस्त्यावर सापडेल त्याला सकाळपर्यंत चावडीत बसवायचं.

इतकी सत्ता एका माणसाच्या हातात दिली की काय होतं तेही पुण्याने पाहिलं. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण कोंडून ठेवले होते, त्यातले बरेच गुदमरून मेले. शहर उसळलं आणि कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. म्हणजे हाकाटी वरच्या दिशेनेही चालते.

डीएमना कल्पना: पहारेकऱ्यांचा मुख्य बदला. लढवय्या नको, हिशोबी माणूस ठेवा. पार्टी गावात आल्या दिवशी त्याच्या वहीत यांची नावं, उतरले कुठे, आणलं काय, हे सगळं लिहिलेलं असू दे.

---

ड्रॅगन_चालतो_का

सतराशे एक्क्याण्णव मध्ययुगात कधीपासून आलं?

---

निवांत_पेठकर

ज्या दिवसापासून मध्ययुगात बटाट्याची रस्साभाजी मिळायला लागली त्या दिवसापासून. तुमच्या गेममधल्या खानावळीचं मेनूकार्ड बघा एकदा.

---

ताईसाहेब_बार्ड

सगळे पकडण्याबद्दल बोलताहेत, पुरावा कुणी बोललंच नाही. जादूच्या जगात पाचव्या लेव्हलची एक पुजारीण असली तरी खटला किती बदलतो! झोन ऑफ ट्रुथ लावलं की जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. स्पीक विथ डेडने प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, फक्त प्रेताला तोंड शिल्लक हवं. फायरबॉलनंतर ते असेलच असं नाही. आणि विचारणाऱ्याला प्रेत शत्रू मानत असेल तर त्याच्यावर खरं बोलायची सक्ती नाही. म्हणजे मेलेला पहारेकरीही मागचा राग काढून खोटं सांगू शकतो. माझ्या टेबलावर एका प्रेताने आपल्या सावकाराचं नाव घेतलं होतं, तीन आठवडे त्यातच गेले.

शिवाय जादूलाच परवाना लावा. बाल्डर्स गेट २ मध्ये (२०००) अथकाटला शहरात उघड्यावर मंत्र टाकला की झगेवाले जादूगार हजर. आधी ताकीद, मग मारामारी. पाच हजार मोहरा भरून परवाना घ्यायचा, मग कितीही जाळपोळ करा. नगरपालिकेचं कामकाज इतकं अचूक दाखवलेला दुसरा गेम नसेल.

---

मोडी_वाचक

एकच राहिलं, आश्रय. इंग्लंडमध्ये पळालेला गुन्हेगार चर्चमध्ये शिरला की त्याला ओढून काढता येत नसे. चाळीस दिवसांची मुदत. तेवढ्यात एकतर खटल्याला सामोरं जायचं, नाहीतर कॉरोनरपुढे (मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घ्यायची आणि हातात क्रूस घेऊन, डोकं उघडं ठेवून बंदरापर्यंत चालत जायचं. तोवर चर्चभोवती पहारा कुणाचा? शेजारपाजाऱ्यांचाच. तो निसटला तर दंड त्यांना.

खेळाडूंना नेहमी एक दार उघडं ठेवा. फक्त आत गेल्यावर ते किती अरुंद आहे ते कळू द्या.

---

शनिवारचा_डीएम

मंडळी, काल रात्रीचा वृत्तांत.

आधी कबुली. सरदारांचा प्रसंग मी सपशेल मागे घेतला. खेळाडूंना सांगितलं की माझं चुकलं, पुन्हा चौकातून सुरू करू. फायरबॉल पडलाय, धूर आहे, क्षणभर शांतता. मग वरच्या माडीवरून एक म्हातारी बोंब ठोकते.

पुढचे साडेतीन तास एकाही फाशाला वीस लागायची गरज पडली नाही. घंटा वाजत राहिली. वेशी बंद झाल्या. पार्टी तीनदा लपली, तीनदा उठवली गेली. एकदा कुत्र्याने, एकदा लहान पोराने, एकदा खुद्द आमच्या पार्टीतल्या बार्डने (गाणं-बजावणं करणारं पात्र), कारण तिचं म्हणणं पडलं की मी कुणाला जाळलेलं नाही, मी कशाला पळू? जादूगाराने दुसरा फायरबॉल रिकाम्या गवताच्या गंजीवर टाकला, लोक विझवायला धावतील म्हणून. धावलेही. पण गंजी खानावळवाल्याची निघाली. आता तो माणूस यांचा जन्माचा वैरी.

मुख्य पहारेकरी वहीवाला केला. त्याने वेशीवरून ओरडून चौघांची नावं, हुद्दे आणि राहिलेलं बिल वाचून दाखवलं. खेळाडू सरदारांना भ्याले नव्हते तितके या वहीला भ्याले.

पहाटे जादूगार समुद्रदेवीच्या देवळात शिरला. आश्रय मागितला. पुजारणीने दार लावून घेतलं, बाहेर पाळीचे बारा जण बसले. त्यात कांदेवालीचा नवरा आहे. हे मी आधी ठरवलं नव्हतं, फाशाने ठरवलं.

आता नवीनच अडचण. हा आत आठ तास झोपला. दोन्ही स्लॉट परत आले. बाहेर बारा जण, ११ हिट पॉइंटवाले, पायरीवर चिकटून बसलेले.

---

अग्निहोत्री_सिअ‍ॅटलकर

मी अजून काही ठरवलेलं नाही.

त्या कांदेवालीच्या नवऱ्याचं नाव काय आहे?